लाल गाडीचे मागचे टायर

अण्णा, आज ती लाल गाडी परत आली. टॉवेलच्या कारखान्याच्या मालकांची, दोन दाराची, जमिनीला पोट घासत चालणारी. गेलेल्या माणसाला आठवतं का कोण जाणे, पण मला सगळं आठवतंय. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी मालकांनी बाहेरून मागवलेली रुंद अलॉय चाकं बसवून ती आपल्या दुकानात आणली होती, आणि मागच्या चाकांना जमेल तेवढा रुंद टायर घाला म्हणून हट्ट धरला होता. आपलं दुकान म्हणजे टेंभुर्णीकडून येणाऱ्या ट्रकांच्या टायरांचं. तसली गाडी दारात उभी राहिली तेव्हा शेजारचा पंक्चरवालासुद्धा हात पुसत बघायला आला होता.

रुंद टायर रिमवर चढला म्हणजे काम झालं असं नसतं, हे मला तुम्हीच शिकवलं. आतल्या बाजूनं तो शॉकॲब्सॉर्बरला घासतो, बाहेरून मडगार्डला. गाडी उभी असताना बोटभर फट दिसते, पण मागं दोन माणसं बसवून गतिरोधकावरून नेली की ती फट राहते कुठं? म्हणून तुम्ही कणकेच्या गोळ्या करून आत चिकटवायचात, गाडीत वजन भरून एक चक्कर मारायचात आणि गोळ्या किती चेपल्या ते बघायचात. ज्वारीचं पीठ चिकटत नाही, गव्हाचंच लागतं. आपल्या घरात दोन्ही वेळा भाकरी, त्यामुळं आईला मुद्दाम कणीक मळायला लागायची. "माणसांना चपाती सणाला, आन् ह्यांच्या गाड्यांना कवाबी," असं म्हणत ती डबा हातात द्यायची.

तोवर तुमची नजर अधू झालेली, म्हणून त्या दिवशी गाडीखाली मी शिरले होते. ओढणी कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत ग्रीस. चक्कर मारून आल्यावर बघते तर शॉकॲब्सॉर्बरवरची गोळी पार चपटी. मी खालूनच ओरडले, "अण्णा, ह्यो न्हाई चालायचा. एक साइज कमी घ्या." तुम्ही ती गोळी डोळ्यांजवळ नेऊन बघितलीत आणि म्हणालात, "पोरी, तुझ्यासारखं कारागीर माझ्या हाताखाली दुसरं झालं न्हाई." मग मालक गाडी न्यायला यायच्या थोडं आधी म्हणालात, "तू घरी जा, आईला बरं न्हाई." मी धावत घरी गेले. आई ठणठणीत, ओट्यावर तूर पाखडत बसलेली. मला वाटलं, तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल. तुम्ही गेल्यावर सगळे पाहुणे म्हणाले, दुकान भाड्यानं देऊन टाक, बाईमाणसाचं काम आहे का हे. मी दिलं नाही. 'तुझ्यासारखं कारागीर न्हाई' ह्या तुमच्या एका वाक्यावर मी आजवर दुकान चालवलंय, अण्णा.

आज मालक उतरले आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "तुमचे भाऊ कुठायत? आता आणखी नवी चाकं घातलीत, मागं अजून रुंद टायर हवाय. मागच्या वेळी त्यांनीच बसवला होता ना!" मी म्हटलं, कोण म्हणालं? तर हसत हसत सांगतात, "अण्णाच म्हणाले की. मी विचारलं होतं, दुपारी इथनं जाताना गाडीखाली एक मुलगी दिसली ती? तर म्हणाले, ती व्हय, ती हवा भरती, च्या करती. सगळं काम पोरानं केलंय."

हातातला पाना मी खाली ठेवला. भाऊ हार्डवेअरच्या दुकानात बसतो, त्याला स्टेपनी बदलायची म्हटली तरी घाम फुटतो. मी मालकांच्या समोरच त्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. म्हटलं, लाल गाडीचे टायर तू बसवले होतेस? त्यानं आधी मलाच विचारलं, कुणी सांगितलं तुला. मग म्हणाला, "अक्का, अण्णांनी शपथ घातली हुती. म्हणले, बाईचा हात लागलाय म्हणून कळलं तर एवढी मोठी गाडी परत यायची न्हाई. तुला सांगू नको म्हणले."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक. आईचं दुखणंसुद्धा त्यातलंच. नुसती मीच खुळी! आणि माहीत आहे का, मालक काय म्हणाले? "अहो, मग तुम्हीच करा की!" एवढंच. ना कपाळाला आठी, ना गाडी मागं फिरवली. ज्या भीतीपायी तुम्ही माझं काम दुसऱ्याच्या नावावर चढवलंत, ती भीती एवढीच होती. दुसरं कुणी असतं तर मी तोंडावर बोलून मोकळी झाले असते. तुम्ही फसवलंत मला, अण्णा. चारचौघांत एक शब्द बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं?

गाडी ठेवून घेतली. कणीक आता मीच मळते. ही नवी चाकं थोडी बाहेर निघालेली, त्यामुळं ह्या वेळी आतली गोळी शाबूत, पण बाहेरची मडगार्डला चेपलेली. मडगार्डची आतली कड तापवून हळूहळू वर वळवली, रंगाला तडा न जाऊ देता. हे तुम्ही कधी केलं नव्हतं, मी माझं शिकले. पुन्हा वजन भरून गतिरोधकांवरून फिरवली, गोळी गोलच्या गोल. गाडी न्यायला आल्यावर मालकांनी दोनदा वाकून बघितलं. मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता, पण मनात सारखं तुमच्याशीच भांडण चाललेलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ठाऊक आहे. तरी एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिचाच मला जास्त राग आलाय. जाताना मालकांनी मोबाइल काढला. म्हणाले, "आता तुमचाच नंबर द्या. कुठल्या नावानं सेव्ह करू?" इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते कुणीतरी आपणहून विचारत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "टायरवाल्या अण्णांची मुलगी."