धुरातला वाटा

प्रिय बिरजूदादा,

तुला पत्र लिहायची सवय नाही मला. तू सिरोंच्याला होतास तेव्हा मिस्ड कॉल द्यायचास, मी उलट फोन करायचा आणि मग तू मोठ्या साहेबासारखा निवांत बोलत बसायचास. वर म्हणायचास, सोमारी फार बोलते. आता बोल म्हटलं तर फोनही नाही, म्हणून अंगणवाडीतल्या चित्रांच्या कागदामागे लिहिते आहे. पलीकडच्या बाजूला एका पोरानं हत्ती काढलाय. तू गेल्यावर आपल्या जंगलात खरेखुरे हत्ती आले, ठाऊक आहे का? एका रात्रीत इसरूकाकांचं अख्खं धान तुडवून गेले. काका बांधावर उभे राहून शिव्या देण्याऐवजी हात जोडत होते. पोरानं हत्तीला सहा पाय काढलेत. चार पुरत नाहीत असं तो म्हणतो.

घरचं डुक्कर काल कापलं. मोहाचा पंडुम, वर्षाचा सण, जवळ आलाय ना. मांस रात्रभर मीठ, हळद आणि तेलंगणातली ती जहाल मिरची चोळून ठेवलं होतं, आज सकाळी ड्रममध्ये टांगलं. हो, मीच टांगलं. तू असतास तर मला ड्रमला हात लावू दिला नसतास. सोमारीला धूर कळत नाही, ती नुसती आग लावते, हे तुझं ठरलेलं बोलणं. आता येऊन बघ. खड्ड्यात मोहाची वाळलेली फांदी, वर जांभळीचा ओला पाला, आणि खड्ड्यापासून ड्रमपर्यंत तू खणलेल्या नालीवरच्या फरश्या चिखलानं लिंपून घेतल्यात. आग तिकडे, धूर इकडे. ड्रमच्या तोंडावर ओलं पोतं. धूर पांढरा आला तर मांस कडू होतं, निळसर आला तर जमलं. सकाळपासून निळाच आहे, दादा.

ड्रम अजून मजबूत आहे. सिरोंच्याला कय्यूमभाईंच्या मासळीच्या गोदामामागे पडलेला हा तेलाचा रिकामा ड्रम तू एसटीच्या टपावरून आणलास आणि कंडक्टरशी आलापल्लीपर्यंत भांडत आलास. आत तणस जाळजाळून तेलाचा वास घालवलास. कय्यूमभाई अजून ते सांगून हसतात. "ले जा भाई, लेकिन इसमें क्या लटकाएगा वो मेरे कू मत बता," असं त्यांनी कानावर हात ठेवून म्हटलं होतं म्हणे. तुझ्यावर त्यांचा फार जीव होता. पुराच्या वर्षी तू त्यांची जाळी आणायला डोंगा घेऊन पलीकडे निघालास, तेव्हा पाणी चढतंय, जाऊ नको, असं त्यांनी काठावरून ओरडून सांगितलं. तू हात हलवलास. नंतर डोंगा पलीकडच्या बाभळीत अडकलेला सापडला. तू सापडला नाहीस. कय्यूमभाई कितीतरी दिवस गोदावरीच्या दोन्ही काठांनी विचारत फिरले. आपल्याकडे आले तेव्हा दारातच उभे राहिले, पोर हरवलेल्या यायाच्या पुढ्यात डोळे वर करवत नव्हते. तिनंच त्यांना बसायला पाट दिला आणि त्यांच्यासाठी नव्या भांड्यात काळा चहा ठेवला.

आपल्या घरची रीत तुला मी काय सांगायची? जो बाहेरगावी आहे त्याचा वाटा धुरात टांगलेला राहतो, तो आला की दोरी सोडून त्याच्या हातात द्यायचा. जो मेला त्याचा वाटा आत, चुलीमागच्या कोपऱ्यात, पूर्वजांच्या मडक्यापाशी ठेवायचा. तेव्हापासून प्रत्येक वेळी तुझा वाटा धुरातच राहिला. याया म्हणते, "माह्या पोराले कोणी पाह्यलं मेलेलं? मग आत कसा ठेवू?" शाळेत गुरुजींनी मला आई म्हणायला शिकवलं, पण असं बोलते तेव्हा ती यायाच वाटते, तिच्यापुढे माझी सगळी शाळा संपते.

आता जे सांगायचं ते सांगते. रंजीतावहिनीला मागणी आली आहे. धनराज नाव आहे त्याचं, सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कामाला असतो, बियाणं दाखवायला आपल्या गावात आला होता. साधा माणूस आहे. बायको वारलेली. रंजीता त्याच्याशी बोलताना हसते. दादा, तू गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. यायालाही तो पसंत आहे, तिनं स्वतः त्याला मोहाचे लाडू बांधून दिले. पण मेलेल्यासाठी उभा करतात तो दगड तुझ्या नावानं उभा राहिल्याशिवाय सून दुसऱ्या घरी कशी धाडायची? आणि तुझा वाटा धुरात असताना दगड कसा उभा करायचा? रंजीता ना तुझी ना कोणाची, अशी दारातच उभी आहे. धनराजला पंडुमपर्यंत उत्तर हवं आहे. त्याचंही बरोबर आहे, माणूस किती दिवस एसटीच्या खेपा करणार?

यायानं मन घट्ट केलंही होतं. गेल्या पंडुमला म्हणाली, या वेळचा वाटा शेवटचा, तो तसाच राहिला तर आत नेऊ. तो वाटा राहिला नाही. दुपारी मी अंगणवाडीतून आले तर घरामागच्या सांदवाडीत याया ड्रमपाशी बसलेली. पोतं बाजूला, मांस नाही आणि दोरी वर गुंडाळून तिला गाठ मारलेली. तुझी गाठ. माहुलीच्या सालीची रिकामी दोरी धुरात लोंबू नये म्हणून तू मारायचास ती, डाव्या हाताची, उलटी. गावात तुझ्याशिवाय डावखुरा कोण आहे? याया रडत होती आणि हसत होती. "आला होता गा माह्या बिरजू. लपून हाये कुठीतरी. खाऊन गेला." त्यानंतर दिवाळीला पुन्हा तसंच झालं. वाटा गेला, गाठ राहिली, आणि दगडाची गोष्ट कोणी काढेना.

मलाही खरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तू जिवंत असून रानात कुठंतरी दडून बसलास, आम्हाला तोंड दाखवत नाहीस आणि बायकोला अशी टांगून ठेवतोस, या विचारानं मला तुझा इतका राग यायचा की ड्रम लाथेनं पाडावासा वाटायचा. आणि राग ओसरला की भीती वाटायची. कारण सांदवाडीत कोणीतरी असतंच, दादा. दुपारी, सगळं सामसूम असताना. वारा पडलेला असतो तरी धूर सरळ वर जात नाही, मागच्या दाराकडे वाकतो. कुत्रं कुंपणाकडे बघून शेपूट हलवतं आणि मग हळूच कण्हतं. आणि खोकला ऐकू येतो. पोतं उचलल्यावर पहिला धूर नाकात गेला की तू खोकायचास, दोनदा बारीक आणि मग एकदा घसा फाडून, तसाच. मी एकदा भाताची कढई तशीच सोडून धावत गेले. कोणी नव्हतं. पोतं जागेवर होतं, ओलं, आणि मी उगाच विचारलं, जेवलास का?

इसरूकाकांना हे सांगितलं. ते दगड उभे करणारे, त्यांना असल्या गोष्टींची भीती नाही. ते म्हणाले, "बाई, बाहेर मेलेल्या माणसाले आपण मेलो हे ठाऊक नसते. घरच्यानं सांगा लागते. नाई सांगतलं त तो येतच राह्यते जेवाच्या वेळेले." तुला आपला आजा मुखरू आठवतो का? मोहाच्या झाडावरून पडून गेला तेव्हा बापानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं, तू मेलास. पण आजा जन्माचा बहिरा! बापाला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग सगळ्या पाहुण्यांसमोर तो ओरडला, "मेलास गा तू! मेलास!" आपण दोघं तणसाच्या ढिगामागे तोंडात फडकी कोंबून हसलो आणि नंतर दोघांनी मार खाल्ला. आज ते आठवून हसू येतं. आज्याला निदान कान होता जवळ. तुझा कान कुठं शोधू?

आता आजची गोष्ट. वाटा टांगून मी अंगणवाडीत गेले, पण मन लागेना म्हणून पोरांना खिचडी वाढून लवकर परतले. मागच्या वाटेनं. तणसाच्या ढिगामागे, जिथं आपण हसलो होतो तिथंच, रंजीता बसली होती. तुझा वाटा तिच्या ओंजळीत होता. अजून नीट शिजलाही नव्हता, बाहेरून काळा आणि आतून तांबडा, तसाच ती खात होती. भराभर, जेवल्यासारखी नाही, एखादं काम उरकावं तशी. मिरचीनं म्हण की धुरानं म्हण, डोळ्यांतून धारा लागलेल्या. मला बघून ती पळाली नाही. हातातलं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

गाठ तिला तूच शिकवली होतीस. अंगठ्यात बांबूचा काटा शिरून तुझा हात सुजला होता तेव्हा तू बाजेवर बसून हुकूम सोडायचास आणि ती तुझ्यासारखी, डाव्या हातानं, बांधायची. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही डावा हात शोधत बसलो आणि तो आमच्याच ताटात भात वाढत होता. मी तिला विचारलं, काऊन वो, तुले तर जायचं हाये ना? ती म्हणाली, "जायचं हाये, सोमारी. लय जायचं हाये. म्हणूनच त भेव लागते. वाटा आत गेला त तो मेला. मले दुसऱ्या घरी जायचं हाये म्हणून मी त्याले मारू काय? त्यापेक्षा खाऊन टाकतो, म्हटलं. नवऱ्याचा वाटा बायकोनं खाल्ला त खाल्ला." मग तिनं माझा हात धरला. तिच्या हाताला धुराचा वास होता, तुझ्या सदऱ्याला यायचा तसा. माझा तुझ्यावरचा सगळा राग पाण्यासारखा उतरला. तू दडून बसला नव्हतास. तू कुठंच बसला नव्हतास.

आणि तेवढ्यात, दादा, ड्रमकडून खोकला आला. दोनदा बारीक, मग एकदा घसा फाडून. रंजीता माझ्याजवळ होती. याया इसरूकाकांकडे मोह वाळवायला गेलेली. आम्ही दोघींनी ऐकला. रंजीतानं फक्त डोळे मिटले आणि म्हणाली, "रोज येते."

म्हणजे वाटा ती नेत होती, पण तू येत होतासच. उपाशी. आणि तुझ्या वाट्याची रिकामी दोरी बघून परत जात होतास. यायाच्या तोंडून ते शब्द निघणार नाहीत. रंजीताला सांगायला लावलं तर तिला धनराजच्या घरातला घास गिळणार नाही. मग उरते मी. मघाशी ड्रमपाशी जाऊन उभी राहिले, तोंड उघडलं आणि तुला काय सांगून आले ठाऊक आहे? इसरूकाकांच्या शेतातल्या हत्तींचं. पुन्हा गेले, तर ड्रमचं कौतुक करून आले. म्हणून लिहायला बसले, आणि लिहितानाही आधी हत्तीच लिहिला. आता कागद संपत आला. दादा, तू मेलास. पुराच्या वर्षी, गोदावरीत. कोणी मारलं नाही तुला, रंजीतानं तर नाहीच. ओरडत नाही मी, तुला नीट ऐकू येतं. हे पत्र आता खड्ड्यातल्या आगीत घालते, धूर तुझ्यापर्यंत जातोच, वाचून घे. रंजीतानं अर्धा खाऊन ठेवलेला तुझा वाटा मी आत नेते आहे, आज्याच्या शेजारी. तो बहिरा आहे, त्याच्याशी मोठ्यानं बोल. सांदवाडीत उभा राहून खोकत बसू नकोस. मागचं दार मी उघडं ठेवलंय. वाकून ये, चौकट अजून तेवढीच खाली आहे. घरात ये.

तुझीच,
सोमारी