मेंढरं पुढं गेलीत

मंगळवार, १२ एप्रिल २०१६
काशीचे गुडघे कसे आहेत? वहिनीनं दोन घास खाल्ले का? पिंकीचा खोकला? शेळी चाऱ्याला उठली का? मोत्या भाकर खातो का?
बायकोपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांचं विचारून झालं. थोरल्यांचं कुणाला विचारू.
लिहायला शिकलो ते गावातल्यांची पत्रं वाचून. म्हणून वही उघडली तरी सुरुवात अशीच होते.
थोरले परवा सकाळी लॉजवरून गेले. टँकर आला होता, मी खाली बादलीच्या रांगेत. वर आलो तर खाट रिकामी. घोंगडं नाय, काठी नाय. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आणलं होतं भावाला. आता भाऊच नाय.

बुधवार, १३
चौकीत गेलो. फोटो मागितला. घरात थोरल्यांचा एकच फोटो, तोच पाकिटात असतो. पुढं सगळी मेंढरं, मागं बारीकसे थोरले. हवालदार म्हणाला, "बाबा, नेमकं काय हरवलंय? माणूस का मेंढरू?" दोघंही हसलो. मी कसा काय हसलो?
आज ऑपरेशनचा दिवस. दवाखान्यात सांगितलं, पेशंट सापडत नाय. बाई म्हणाल्या, मग दुसरी तारीख घ्या. घेतली.

गुरुवार, १४
जयंतीची मिरवणूक. सगळा रस्ता निळा. चौकात उभा राहून तोंडं बघितली. कुणीतरी हातात पाणी दिलं, कुणी पुरी-भाजी. खाल्ली. चव लागली नाय, वाईटही वाटलं नाय.
शोभीचा बजाजनगरहून फोन. "अप्पा, पोटची पोर इथं असताना लॉजवर कशाला? लोक काय म्हणतील?" तिला म्हटलं, थोरल्यांना हा जिना ठाऊक, तुझं घर नाय. परत फिरले तर इथंच येतील.
खोलीतला पंखा लई आवाज करतो. असू दे. तेवढीच सोबत.

शुक्रवार, १५
लॉजवाले रहीमभाई चहा घेऊन वर आले. खुर्ची नाय, खाटेवरच टेकले. "चचा, रात से कुछ खाए नै, ऐसा कैसा चलता?" मग म्हणाले, "मैं पूछा था उनको, बडे चचा, सुबे-सुबे कहाँ चले? बोले, मेंढरं पुढं गेलीत. मेरेकू लगा गाँव जा रै, इसके वास्ते रोका नै. आज तक तुमकू बोलने की हिम्मत नै हुई."
चहा हातातच राहिला.
हे तर आम्हीच सांगत होतो. माघात मेंढरं विकली. पाणी नाय, पाला नाय, काय करता. थोरल्यांच्या ध्यानात राहीना. रोज उठून विचारायचे, कळप कुठंय? पहिल्यांदा खरं सांगितलं तर गुडघ्यात मान घालून बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वहिनी म्हणाली, सांगा की पुढं गेलीत, पाणी बघून. तेव्हापासून घरात सगळे तेच सांगायचो. ऐकलं की निवांत भाकर खायचे.
पण कळप पुढं गेला की मागं राहिलेल्या गड्यानं तो गाठायचा असतो. लहानपणापासून हीच रीत. एवढं कसं सुचलं नाय आम्हाला. घरी होते तोवर वहिनीची नजर होती. इथं मी होतो.

शनिवार, १६
शोध चुकीचा चालला होता. थोरले शहरात नसणार, ते वाटेवर असणार. आपली जुनी वाट. छावणीच्या अंगानं खाली, मग वाळूज, मग नदीकडं, आमच्या गंगेकडं.
जावयाच्या गाडीवर मागं बसून निघालो. जिथं जिथं रानाच्या खतासाठी मेंढरं बसवायचो तिथं आता पत्र्याचे कारखाने, बंगल्यांच्या ओळी. मला वाट सापडेना, थोरल्यांना सापडली म्हणायची. एका सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "व्हय, आलता एक म्हातारा. मलाच दम देत होता. पाटलाला बोलव म्हणला, रानात मेंढरं बसवायचं ठरलंय. मी म्हणलं, बाबा, आता बिल्डरला विचारा."
पाणी पाजलं म्हणे त्यानं. देव भलं करो.
रात्री लॉजवर परत. शोभी रागावली.

सोमवार, १८
सापडले.
गंगापूरच्या पुढं, नदीच्या कोरड्या पात्रात दुसऱ्या कुणाचा तरी कळप बसलेला. मधोमध थोरले, मांडीवर कोकरू. दाढी वाढलेली. तोंडावर तेज म्हणावं असं काहीतरी.
कळपाची मालकीण भागाबाई. म्हणाली, "चार दिस झाले. आला आन् मेंढरं मोजाया लागला. म्हणला, एक कमी हाय. आमी हसलो. बघितलं तर खरंच एक झुडपात अडकलेलं. मग म्हणलं राहू दे. माझा सासरा मागल्या साली गेला, त्याची भाकर म्हातारा खातो. सासऱ्यापरीस कमी कुरकुरतो."
मी समोर जाऊन बसलो. रामराम घातला.
थोरले म्हणाले, "पाव्हणं कुठलं?"
"पिशोरचा."
"पिशोरात आमचा धाकटा असतोय. घोर लावून घेतो लई. त्याला म्हणावं, मेंढरं गाठली."
सांगतो म्हणालो.
जावयानं हाताला धरून उठवायला बघितलं. थोरल्यांनी काठी उगारली. जावई माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, राहू दे आज.

मंगळवार, १९
रहीमभाईंना वाटलं, रूम सोडतोय. मिठाईचं बोलत होते. मी म्हणालो, अजून नाय.
रडू येईल वाटलं होतं. आलं नाय. बादली भरली, धोतर धुतलं.
काशे, फोन चावडीसारखा, सगळे ऐकतात. म्हणून ही पानं फाडून पिशोरच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. पिंकीकडून वाचून घे, वहिनीला शेजारी बसवून. शुक्रवारचं पान लपवू नको, आपण सांगितलं म्हणून गेले ते.
आणलं तर डोळा होईल, वहिनीच्या नजरेसमोर राहतील. आणि रोज सकाळी कळप विचारतील. तेव्हा काय सांगायचं, ते मला आता येत नाय. नाय आणलं तर भागाबाईचा कळप पाण्यासाठी नगरकडं उतरणार, नदी ओलांडून. मग कुठं शोधायचं? नवरा वहिनीचा आहे. माझ्या एकट्याच्या बोलण्यानं काय व्हायचं. तिला यायचं असलं तर मी स्टँडवर उभा राहीन.
भागाबाई थांबते म्हणाली, पण मेंढरं थांबत नाहीत. वहिनी काय म्हणते ते त्याच ड्रायव्हरकडं लिहून पाठव. लवकर पाठव, काशे.