सर्व्हरची ‘यातायात’ आणि माझे ‘अनोळखी संबंध’

प्रति,
मा. श्री. सदाशिवराव निजामपूरकर,
मुख्य प्रशासक,
श्री मार्तंड धर्मार्थ रुग्णालय, लष्कर, ग्वाल्हेर.

विषय : माझी चारित्र्य-चौकशी व सर्व्हरचा काढून घेतलेला पासवर्ड.
संदर्भ : टिपणीत ‘सर्व्हर’ सोडून एकही इंग्रजी शब्द नको, हा आपला हुकूम. (हे पत्र आहे, टिपणी नव्हे.)

महोदय,

सविनय निवेदन की, रुग्णालयाच्या सर्व्हरवर देखरेख ठेवणे हे माझे काम. टोपी बाजार आणि दर्पण कॉलनीतल्या आपल्या दवाखान्यांत काढलेले ईसीजी याच सर्व्हरवरून हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शिखा यांच्यापुढे येतात. सर्व्हरला एका वेळी ठरावीकच कनेक्शन झेपतात. बाहेरच्या कुणी फालतू कनेक्शनांनी जागा अडवली, की रुग्णाचा ईसीजी दाराबाहेर ताटकळतो. म्हणून कोण जोडले गेले आहे, किती माहिती ये-जा करते आहे, हे मी पाहते आणि घुसखोर दिसला की हाकलते. आपल्याला हे पूर्वीही सांगितले होते. असो.

१. आपण पुण्याहून आलात आणि आमची ग्वाल्हेरची मराठी ऐकून नाक मुरडलेत. इंग्रजी शब्द बंद झाले. माहितीच्या या ये-जा करण्याला ट्रॅफिक म्हणतात, आणि इथे जन्म काढलेल्या माणसाला ट्रॅफिक म्हटले की हिंदीतला ‘यातायात’च आठवतो. मी लिहिले, ‘सर्व्हरवरील यातायात वाढत आहे.’ आपण पुण्याकडचा अर्थ घेतलात, म्हणजे हाल, आणि शेरा मारलात : ‘नोकरी म्हटली की यातायात आलीच. सहन करावी.’ सर्व्हरने करावी की मी, ते कळवले नाहीत.

२. मग मी ‘वाहतूक’ लिहिले. त्यावर आपण फाटकाशी चौकीदार उभा करून नई सडकेकडून येणाऱ्या स्कूटरी अडवल्यात. त्यात खुद्द डॉ. शिखा अडकल्या. धन्य आहे!

३. कनेक्शनला मी ‘संबंध’ म्हटले, आणि ते ज्या संगणकावरून येते त्याच्या क्रमांकाला ‘पत्ता’. ‘एकाच अनोळखी पत्त्यावरून रात्रंदिवस असंख्य संबंध जुळतात, अर्धवट सुटतात, आवरणे कठीण झाले आहे’, हे वाक्य वाचून म्हणे आपले कान लाल झाले. महिला समितीच्या शांताताईंना माझ्या चौकशीला बसवलेत. पत्ता कुणाचा आणि घरी ठाऊक आहे का, असे त्यांनी मला विचारले. माझे यजमान अभिराम यांनाही बोलावणे गेले. त्यांना हसू आवरेना, तर तोही माझ्याविरुद्ध पुरावा ठरला.

चौकशी संपेपर्यंत पासवर्ड आपल्या कपाटात, आणि आपण खूश की तक्रारी थांबल्या. अहो, तक्रार करणारी मीच होते! काल टोपी बाजारच्या दवाखान्यात संभाजीराव नावाचे गृहस्थ छाती धरून बसले. त्यांचा ईसीजी इथे पोचलाच नाही. कंपाउंडर कागद घेऊन गर्दीतून पळत आला, म्हणून ते आज अतिदक्षता विभागात तरी आहेत. मला संताप येतो, आणि अशा अकलेला ‘मा.’ लावून लिहावे लागते याची लाजही वाटते.

मला दिलगिरी नको, शुद्ध मराठीचे धडेही नकोत. माझे चारित्र्य सवडीने तपासा, वाटल्यास पुण्याहून माणसे मागवा. पासवर्ड मात्र आजच द्या. पुढचा ईसीजी दर्पण कॉलनीतून येऊ शकतो, आणि साहेब, आपले बिऱ्हाड तिथेच आहे.

नम्रता संपत आली, तरी आपलीच,
मंजिरी अभिराम पुणतांबेकर
(सर्व्हर देखरेख)
दि. १० जून २०२४