शेवटच्या हजेरीचा रकाना

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आलो बुवा सुप्याला एकदाचा! पुण्यातली सहा वर्षांची रोजची दोन तासांची रखडपट्टी संपली. खोली कंपनीपासून चालत दहा मिनिटांवर. पुढे दोन खोल्या, मागे न्हाणी आणि छातीएवढी भिंत, पलीकडे ज्वारीचं रान. बायकोला, रेश्मालाही त्याच कंपनीत पॅकिंगला घेतलंय. आता भांडायलासुद्धा एकाच गेटातून जायचं, असं ती म्हणाली.

गेटवर काकासाहेब नावाचे वॉचमन आहेत, पाथर्डीकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा पाजला. "आदी च्या घ्या सायेब, कंपनी कुटं पळून जाती व्हय?" माणूस लई आवडला.

५ फेब्रुवारी, बुधवार
कंपनीची सगळी सॉफ्टवेअरं एका लायब्ररीवर चालतात आणि ती सांभाळणं हे माझं काम. लायब्ररी म्हणजे रोज लागणाऱ्या किरकोळ आकडेमोडीची पेटीच: सरासरी काढ, तारखा लाव, सगळ्यात मोठं काय ते सांग. माझ्या आधीच्या राधाकृष्णनं ती लिहिली आणि झकास लिहिली. त्याचा नियम एकच. कोणी विचारेपर्यंत कुठलीही व्हॅल्यू काढायची नाही. एकदा काढली की जपून ठेवायची, पुन्हा काढत बसायचं नाही. आळशी पण हुशार! मीही विचारल्याशिवाय घरात भांडं उचलत नाही, हे रेश्माचं मत.

हजेरीच्या यादीत 'शेवटची हजेरी' असा एक रकाना आहे. नोकरी सोडून गेलेल्यांची तारीख त्यात आहे, कामावर असलेल्यांचा रिकामा. शेजारी राधाकृष्णची टीप: कामावरच्या माणसाची विचारू नये. का, ते लिहिलेलं नाही. त्यालाच विचारावं म्हटलं तर आमच्या मॅनेजर विजयमाला मॅडम म्हणाल्या, तो एक दिवस यायचाच बंद झाला.

१० फेब्रुवारी, सोमवार
आज एक गंमत झाली. दुसरीच चूक शोधत होतो. प्रोग्रॅम मध्येच थांबवला आणि माउसचा बाण यादीवरून फिरवत होतो. बाण ज्यावर थांबेल त्याची व्हॅल्यू चौकटीत दिसते. तो काकासाहेबांच्या रिकाम्या रकान्यावर थांबला. म्हणजे मी नुसतं बघितलं. पण प्रोग्रॅमच्या लेखी बघणं म्हणजे विचारणंच. चौकटीत तारीख आली: ११ फेब्रुवारी.

उद्याची! कोड चारच ओळींचा आहे. माणसाच्या हजेरीच्या तारखा घे, त्यांतली सगळ्यात मोठी दे. उद्याची हजेरी अजून लागलेलीच नाही, मग आली कुठून? उद्या बघू.

१२ फेब्रुवारी, बुधवार
काकासाहेब गेले. काल ड्युटी करून घरी गेले, जेवायला बसले आणि तिथेच कलंडले. गेटवर त्यांचा चहाचा थर्मास तसाच पडून आहे. मला फार वाईट वाटतंय. योगायोग असणार. असलाच पाहिजे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
योगायोग आहे हे स्वतःला पटवायला अजून एक नाव विचारलं. फोर्कलिफ्ट चालवणारा बिभीषण. तिशीतला धडधाकट माणूस, म्हणून मुद्दाम त्याचंच. तारीख आली १५ फेब्रुवारी.

१५ फेब्रुवारी, शनिवार
बिभीषण सुट्टी झाल्यावर मोटारसायकलवर निघाला होता. हायवेला चढताना मागून ट्रक—
मी त्याला काल सांगायला हवं होतं. काय सांगणार होतो? त्याला लहान मुलगी आहे. मी विचारलं नसतं तर तो आज घरी पोचला असता.

१७ फेब्रुवारी, सोमवार
बिभीषणची जपून ठेवलेली तारीख पुसली, पुन्हा विचारली. तीच आली. मशीन बंद करून चालू केलं. तीच. त्या चार ओळी चाळीस वेळा वाचल्या. त्यांत काहीही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
आज कळलं की अठ्ठावीसला वार्षिक रिपोर्ट निघणार. तो सगळ्यांचे सगळे रकाने विचारतो. दोनशे अठरा माणसं. त्यात रेश्मा.
मॅडमकडे गेलो. हात जोडले, रिपोर्ट थांबवा म्हटलं. त्यांनी पाणी दिलं, चार दिवस सुट्टी घ्या म्हणाल्या. बाहेर आलो तर रेश्मा पॅकिंगच्या बायकांत हसत उभी होती. मला रडू आवरेना.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
निदान तिचं नाव तरी रिपोर्टच्या यादीतून काढायचं ठरवलं. नावच नसलं तर विचारणार कोणाला? तिची ओळ उडवणारा प्रोग्रॅम लिहिला, चालवला.
गाढव आहे मी. गाढव. काही उडवायच्या आधी ती ओळ पडद्यावर छापून घ्यायची, चुकून भलतंच उडू नये म्हणून. दहा वर्षांची सवय. हातानं आपोआप लिहिलं. सगळी ओळ छापली. सगळे रकाने.
२२ फेब्रुवारी.
मी विचारलं. मीच विचारलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी ९ — हजेरीची तारीख आहे ना? मग ती आज हजेरीच लावणार नाही. गेटवर कार्ड लागलं नाही की तारीख खोटी. साधी गोष्ट! पुढच्या दाराला कुलूप, किल्ली खिशात. आजचा एक दिवस.

११ — तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग चिडली. पहिल्याच महिन्यात खाडा केला तर काढून टाकतील म्हणते. भावाला फोन केला, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून. होऊ दे. उद्या पाया पडेन तिच्या.

१ — रडून गप्प झाली. जेवली नाही. तिची दुपारची पाळी दोनला सुरू होते. तेवढी वेळ टळली की झालं. देवा, तेवढी टळू दे.

१.४० — अंघोळ करते म्हणाली. न्हाणीत नळ चालू आहे. मी पुढच्या दाराशीच बसलोय.

१.५५ — नळ चालूच आहे. हाक मारली. पाण्यात ऐकू येत नसेल.

२.०२ — मोबाईल वाजला. गेटवर कार्ड लागलं की घरच्याला मेसेज येतो.
रेश्मा, पॅकिंग विभाग. आजची हजेरी नोंदली—
नळ अजून चालू आहे. मागची भिंत फक्त छातीएवढी— किल्ली, किल्ली कुठल्या खिशात— रेश्मा, थांब, मी