दादाच्या जागी

४ मार्च

गायिका म्हणे! आली ती थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन. गळ्याला मफलर. आधी दहा मिनिटं गुणगुणणं. अगं बाई, पंक बँड आहे हा, बालवाडीचं स्नेहसंमेलन नव्हे! चौदा वर्षांनी आमचा अल्बम येतोय, आणि दादाच्या जागी कोण — तर दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणारी पोरगी. गिटारवाला तिच्यापुढे नुसता विरघळतोय. बंडखोर म्हणावं असं त्याच्यात आता फक्त पोट उरलंय, शर्टात राहत नाही.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. चौदा वर्षांपूर्वी त्याला बँडमधून मीच काढलं. दर कार्यक्रमात शब्द गिळायचा. पीत असणार, दुसरं काय! "पाठ होत नसेल तर घरी बस," असं सगळ्यांदेखत सुनावलं. त्याने जॅकेट उचललं आणि गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

५ मार्च

हिला सगळी गाणी तोंडपाठ. त्याचाच काय तो तोरा!

९ मार्च

आमची पद्धत एकच — सगळे एका खोलीत, एका दमात रेकॉर्डिंग. जोडाजोडी नाही. आज एक जुनं गाणं सात वेळा घेतलं, सातही वेळा दुसऱ्या कडव्यात बट्ट्याबोळ. ही मागे पडते. तसं तोंडावर सांगितलं. तर म्हणते कशी, "काका, मी नाही मागे पडत. तुम्ही पुढे पळता."

काका! हिच्या जन्माआधीपासून ड्रम वाजवतोय मी.

१० मार्च

रेकॉर्डिस्टने — हा एक दीडशहाणा — लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम लावून दाखवला. पळतो मी. सातही वेळा. मग तिने आमचं जुनं रेकॉर्डिंग लावलं.

"ऐका ना. तुम्ही जिथे पळता, तिथेच तुमचे दादा दोन शब्द सोडतात. म्हणून पुढची ओळ तुमच्याबरोबर सुरू होते. सगळ्या गाण्यांत असंच आहे, काका."

गिटारवाला छताकडे बघत होता. म्हणजे त्याला माहीत होतं! चौदा वर्षं तोंड शिवून बसला, मेला.

काठ्या फेकून घरी आलो. जेवण गेलं नाही. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

११ मार्च

दादाला फोन केला. "मुद्दाम गिळायचास?"

म्हणाला, "तू पुढे निघून जायचास रे. तुला एकट्याला कसं सोडणार?"