पुट टू स्लीप म्हणजे

चारकोप, सेक्टर चार
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय पप्पा,

चहा घेतलात ना? फर्स्ट शिफ्ट करून आलात की आधी ही इंग्लिशची वही उघडता, म्हणून इथेच लिहितेय. आज नवीन पाच फ्रेजेस नाहीत. कालच्या सगळ्या करेक्ट होत्या. 'रन आउट ऑफ'चं वाक्य तर झकास. "वुई रॅन आउट ऑफ गॅस, सो मम्मी शाउटेड." फुल मार्क्स.

बटर सकाळी थोडं पाणी प्यायला. मागचे पाय अजून उचलत नाहीये. तेरा वर्षांच्या कुत्र्याचं असंच होतं, असं सगळे सांगतात.

पप्पा, मला खूप भीती वाटतेय.

मागच्या आठवड्यात मी तुम्हाला 'पुट टू स्लीप' शिकवलं. झोपवणे. ताईच्या तान्ह्या देवेशवरून वाक्यपण केलं. काल व्हेट मॅडम म्हणाल्या, किडनी गेलीय, आय थिंक वुई शुड पुट हिम टू स्लीप. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात. ओळखीची फ्रेज आली ना!

"आर यू शुअर?"

"येस डॉक्टर, हंड्रेड पर्सेंट. ही इज व्हेरी टायर्ड."

आणि फॉर्मवर सही.

रिक्षात म्हणालात, "बघलंस मां? तुझ्याशिवाय बोललंय. माझा इंग्लिश ऐकान मॅडमच्या डोळ्यांत पाणी इला!" खाली दत्ताराम काकांनापण सांगितलंत, बुधवारी सकाळी अकराला इंजेक्शन, मस्त झोप काढेल, उठला की बांगडा. तो बांगडा फ्रीजमध्ये आहे. मी फ्रीज उघडतच नाहीये.

त्या फ्रेजचा अजून एक अर्थ आहे. आजारी जनावराबद्दल बोलतात तेव्हा. इंजेक्शन देतात आणि ते परत उठत नाही.

तो मी शिकवलाच नाही. देवेशसाठी कशाला लागतोय, असं वाटलं.

आणि काल मी बाजूलाच उभी होते, पप्पा. गप्प. आधी वाटलं, मॅडमसमोर तुमचा पोपट होईल. पण रिक्षात मॅडम कुठे होत्या? घरी कुठे होत्या? खरं सांगू का, बटर कण्हतो ते मला ऐकवत नाही. तुम्हाला अर्थ कळला तर तुम्ही नाही म्हणणार, आणि तो अजून महिनाभर तसाच पडून राहणार. वाटलं, होऊन जाऊ दे. ठरवायला नको कोणालाच. तुमच्या सहीमागे लपले मी.

मम्मीला काहीच माहीत नाही. डोळ्यांसमोर सारखं उद्याचं येतंय. तुम्ही त्या टेबलाजवळ उभे राहून विचारताय, "कधी उठतलो?" आणि मॅडम माझ्याकडे बघतायत.

नाही म्हणालात तर मी लगेच क्लिनिकला फोन करते. ओरडा, परत माझ्याकडून काही शिकू नका, चालेल. हो म्हणायचं असेल तरी त्या सहीवर जाऊ नका. मला समोर बसवून सांगा, मराठीत. तेच मी खरं धरेन, आणि उद्या त्याचं डोकं माझ्या मांडीवर असेल.

गॅलरीत बटरजवळ बसलेय. आवाज दिलात तर येईन. नाही दिलात तर मला आपणहून यायची हिंमत नाही.

आज टीचर नाही, नुसती तुमची,
ऋता