डोंगराचा पासपोर्ट फोटो

ती. ताईस,

नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून घरभर फिरतोय? इकडे सगळं ठीक आहे, अण्णा बरे आहेत आणि तू धावतपळत यावं असं काही नाही. (हे वाक्य अण्णांच्या सांगण्यावरून सुरुवातीलाच घातलं आहे.) दुकान बंद ठेवून मी कुठे भटकतो, असं तू विचारलंस. शेजारच्या शिंप्यानं चुगली केली असणार. फोनवर सांगायला गेलो की तू मधेच हसतेस आणि मग मला रडू येतं, म्हणून लिहितो.

आपल्या स्टुडिओतला पडदा तुला आठवत असेलच. तळं, पलीकडे डोंगर, डोंगरावर ऊन. अण्णांनी तरुणपणी गावाबाहेरच्या तळ्यावर बसून रंगवलेला. निम्म्या गावानं त्याच्यापुढे बसून फोटो काढले, नोकरीचे, लग्नाचे (त्यातली काही लग्नं मोडली, त्यात पडद्याचा दोष नाही). तर अंथरुणाला खिळल्यावर अण्णांनी एके दिवशी जाहीर केलं की पडद्यावरचं ऊन चुकलंय. डोंगरावर ते सकाळचं पडलंय आणि पाण्यात संध्याकाळचं. इतकी वर्षं माणसं सकाळ-संध्याकाळच्या मधोमध बसून हसत होती आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. हे दुरुस्त केल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही, असं त्यांनी डॉक्टरांनाही बजावलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम, मग मुळीच घाई करू नका. त्यांना उजवा हात उचलवत नसल्यामुळे ब्रश मी धरायचा आणि रंग त्यांनी सांगायचा असं ठरलं. पण त्याआधी खरं ऊन कसं पडतं ते बघायला हवं, आणि त्यांच्या खिडकीतून दिसते ती फक्त शिंप्याची भिंत. तेव्हा मी रोज तळ्यावर जाऊन, त्याच जागेवरून, त्याच डोंगराचे फोटो काढून आणायचे.

मी जन्मभर खुर्चीवर बसलेल्या माणसांचे फोटो काढले. हनुवटी थोडी खाली, हलू नका, झालं. डोंगर तर आपणहून हलत नाही, म्हणून मी खुशीत होतो. पण डोंगर सोडून बाकी सगळं हलतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. ढग हलतात, धुकं हलतं, कॅमेऱ्याचं तिकाटणं चिखलात हलतं, आणि त्याला धरायला गेलेला माणूस पाण्यात जातो (कॅमेरा वाचवला, गुडघ्याचं सांगवत नाही). तळ्यावरच्या पहारेकऱ्यानं मला रोज बघितलं आणि शेवटी हटकलं. कालचा फोटो खराब आला का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. मग आज कशाला, म्हणाला. आजचं ऊन वेगळं आहे म्हटलं, तर त्यानं मला साहेब येईपर्यंत खोलीत बसवून ठेवलं. साहेब आले, मला सोडलं, पण तोवर ऊन निघून गेलं होतं. मग मी एका मास्तरीणबाईंच्या गच्चीवरून प्रयत्न केला. बाईंना वाटलं मी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढतोय. डोंगराकडे बोट दाखवलं, तर नेमकी चादर आडवी आली.

एवढं करून घरी यावं, तर अण्णांचा निकाल तयार. पहिला फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हा डोंगर नाही, डोंगराचा पासपोर्ट फोटो आहे." पुढचे फोटोही असेच नापास. कधी सावली आखडलेली, कधी पाणी शिळं. पण मीही इरेला पेटलो. सकाळी डोंगर जवळ येऊन बसतो आणि संध्याकाळी मागे सरकतो, हे मला दिसायला लागलं, आणि खरं सांगतो, दिवसातला तेवढाच वेळ छाती हलकी असायची.

मग मला ताप आला. बाहेर पडवेना, म्हणून गठ्ठ्यातला एक जुनाच फोटो त्यांच्या हातात दिला. तापाच्या गुंगीत तो उलटा दिला, कोरी बाजू वर. अण्णांनी तो बराच वेळ डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, डाव्या उतारावरची सावली आज मऊ आली आहे.

मी काही बोललो नाही. पण माझं गप्प राहणंही त्यांना ऐकू येतं.

"उलटा दिलास का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. कधीपासून दिसत नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तेच पुढे म्हणाले, "पडदा कुणाला दुरुस्त करायचाय? तू दिवसभर उशाशी बसून माझ्या श्वासाला कान लावायचास. मला धड खोकताही येईना. म्हटलं, जरा ऊन खाऊन येईल."

यावर काय करणार? ताप उतरल्यावर परत तळ्यावर गेलो. आता कॅमेरा नेत नाही. नुसता बघून येतो आणि त्यांना सांगतो. ते डोळे मिटून ऐकतात आणि भांडतात. काल मी उतार जांभळा होता म्हटलं, तर म्हणाले, या दिवसांत जांभळा नसतो, नीट बघ जा. मी नीट बघायला गेलो. जांभळाच होता. पण येऊन राखाडी सांगितला.

भाऊजींना नमस्कार. पाठीला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र अण्णांना वाचून दाखवलं (जांभळ्याची ओळ गाळून). 'बरे आहेत' काढून 'ठणठणीत आहेत' घाल म्हणाले. घालतो म्हटलं आणि घातलं नाही.

आणखी एक. यापुढचं वाचून दाखवलेलं नाही. अण्णा बरे नाहीत. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, नुसते माझ्या पाठीवर हात ठेवून जातात. आज डोंगराचं सांगत होतो तर भांडले नाहीत. ताई, मिळेल त्या गाडीनं ये. मी बोलावलं हे सांगू नकोस. दारातूनच माझ्यावर ओरडत ये, कशावरूनही, तुला कारण शोधावं लागणार नाही. तुझा आवाज चढला की त्यांना सगळे घरात असल्यासारखं वाटतं.